आईकडून आलेलं दुखणं

अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगांच्या एका कारखान्यात मी गेली एकोणीस वर्षं क्वालिटीला आहे. आठ तासांतले सहा तास उभ्याने जातात. प्लांटवरून सॅम्पलचे कॅन येतात, वीस-वीस लिटरचे. ते उचलून टेबलावर ठेवायला माणूस असतो, पण तो वेळेवर सापडेलच असं नाही, आणि मला वाट बघायची सवय नव्हती.

त्या दिवशी असाच एक कॅन मी स्वतः उचलला. टेबलावर ठेवला आणि ओटीपोटात काहीतरी सुटल्यासारखं झालं. दुखलं काहीच नाही. नुसतं जड वाटलं, खाली काहीतरी घसरतंय असं. संध्याकाळी बदलापुरात, बेलवलीला घरी येऊन आंघोळ करताना हाताला एक गोळा लागला. मऊ, गुळगुळीत, अंड्याएवढा, अगदी तोंडाशी आलेला. मी हात मागे घेतला आणि पाणी तसंच वाहू देत उभी राहिले.

गाठ. माझ्या डोक्यात दुसरा शब्दच आला नाही. आणि गाठ म्हटलं की पुढचा शब्द कुठला येतो ते सगळ्यांनाच माहीत आहे.

मी केमिस्ट आहे. लेबल वाचल्याशिवाय बाटली उघडत नाही, दोनदा तपासल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही. पण स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मी तीन आठवडे कुणाकडे तोंड उघडलं नाही. सकाळी उठलं की गोळा नसायचा. गेला वाटतं, असं म्हणून मी डबा भरायचे. दुपारचं जेवण होईपर्यंत उभं राहिलं की परत हजर. शिंक आली की थेंब गळायचे. मी रोज पॅड लावून कामाला जायला लागले आणि नवऱ्याला पाठ दुखते असं सांगून लवकर झोपायला लागले.

शेवटी पकडलं ते लेकीने. ती वीस वर्षांची आहे, कॉलेजला जाते आणि तिथून जिममध्ये. एका शनिवारी बाथरूमचं कपाट उघडून ती बाहेर आली.

"मम्मी, तुझे या महिन्याचे पिरियड्स तर होऊन गेले ना? फिर ये पॅड कौन खतम कर रहा है?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून न्यायला बघितलं. ती हलेना. शेवटी मी सांगितलं, गाठ आहे बहुतेक. तिने एक शब्द बोलायच्या आधी फोन काढला आणि बदलापूर पश्चिमेलाच एक लेडी डॉक्टर आहेत, त्यांची संध्याकाळची वेळ घेतली. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि मला म्हणाली, "तीन हफ्ते? तू वेडी आहेस का?"

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. तपासताना म्हणाल्या, "खोका. अजून जोरात. आता कुंथा." मग हात धुऊन खुर्चीत बसल्या आणि समोरच्या कागदावर पेनाने एक झोळी काढली.

"ही गाठ नाही. तुमचं मूत्राशय खाली आलंय. त्याच्या मागे पिशवीही थोडी सरकलीये. आपलं मूत्राशय, गर्भपिशवी, गुदाशय, सगळं या झोळीत असतं. झोळी सैल झाली की आतलं खाली उतरतं. आम्ही प्रोलॅप्स म्हणतो. बायका म्हणतात, अंग बाहेर आलं."

मला आधी हसू आलं आणि मग रडू. कॅन्सर नाही एवढंच मला ऐकू आलं होतं. डॉक्टरांनी मला पाणी दिलं आणि त्या केसपेपरवर लिहायला लागल्या. बाळंतपणं किती, एक. बाळाचं वजन, पावणेचार किलो. बद्धकोष्ठता, जुनीच. वजनं उचलता का, हो.

"आईला होता का हा त्रास? मावशीला? बहिणीला?"

"नाही," मी लगेच म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. "विचारलंयत का?"

आईला मी आयुष्यात असलं काही विचारलं नव्हतं.

"मग विचारा," त्या म्हणाल्या. "आईला असलं म्हणजे मुलीला होणारच असं नाही. पण ज्या घरात आईला किंवा बहिणीला असतं, त्या घरातल्या बाईला धोका जास्त असतो. या झोळीचे धागे काहींचे जन्मतःच सैल विणीचे असतात. त्यावर बाळंतपण, ओझं, खोकला, कुंथणं, वय, हे सगळं चढतं. तुमच्या घरात असेल तर मला कळायला हवं, आणि तुमच्या मुलीलाही."

*

आई बदलापूरजवळ चामटोली गावात असते, माझ्या भावाकडे. वडील गेल्यापासून शेतीचं बघणं तिच्याकडेच आहे. भात निघालं की वाल, वाल निघाले की परसातली भाजी. एकोणसत्तर वर्षांची आहे पण अजून कुणाला विळा हातात धरू देत नाही.

तिच्याबद्दल माझ्या मनात एक जुनी अढी होती, ती इथे सांगायला हवी. माझ्या बाळंतपणात ती आठ दिवसांत निघून गेली. सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत मी, टाके आणि एक रडकं बाळ. आईने बाळाला एकदाही उभ्याने घेऊन थोपटलं नाही, मांडीवर द्या म्हणायची. आठव्या दिवशी म्हणाली, शेतात माणसं लागलीयेत, मना जायला पाहिजे. लग्नाकार्यांना यायची नाही, आली तर दारापाशी बसायची आणि जेवणाच्या आधी निघायची. माझ्याकडे राहायला म्हणून वीस वर्षांत आली नाही. माझ्या आईला माणसांची ओढ नाही, असं मी कितीतरी जणांना सांगितलं होतं. नवऱ्याला, ऑफिसात, अगदी लेकीलासुद्धा.

पुढच्या रविवारी मी स्कूटर काढून चामटोलीला गेले. आई मागच्या पडवीत सुपात वाल निवडत होती. वहिनी आत भाकऱ्या करत होती. मी आईच्या शेजारी बसले, दोन मिनिटं मीही वाल निवडले आणि मग खाली बघूनच विचारलं.

"आई, तुला कधी अंग बाहेर आल्यासारखं झालंय का?"

"काय बोलतंस? सून आत हाय."

"ऐकू नाही जात तिला. सांग ना."

"मना तसला काय नाय." ती भराभरा वाल निवडायला लागली. किडके सुपात आणि चांगले खाली पडत होते, हे तिच्या लक्षात आलं नाही.

मी म्हटलं, "मला आलंय."

तिचे हात थांबले.

"कवापासून?"

"महिना होईल."

ती माझ्या जवळ सरकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "दुपारच्या पुढंच येतो ना? न आडवा झाला का आत जातो?"

हे डॉक्टरांखेरीज कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. तिने डोळे खाली घातले, आणि मग सूप बाजूला ठेवून ती बोलायला लागली. अडखळत नाही, सलग. इतकी वर्षं मनात रचून ठेवलेलं असावं तशी.

माझा भाऊ झाला तेव्हापासून तिला हा त्रास होता. भाऊ आता एक्केचाळीसचा आहे. आधी फक्त ओझं घेतलं की यायचं. मग चालतानाही यायला लागलं. आता ते आत जातच नाही. ती फडक्याची जाड घडी बांधते आणि वर लुगडं कसते.

"माझ्या आयला पन होता," ती म्हणाली. "लावनीला चिखलात वाकली का बाहेर यायचा. बांधावर जायची, तेलाचा हात लावायची, आत लोटायची, न परत लावनीला. मी बघितलाय. बाईच्या जातीला असतोच, असा म्हनायची."

"मग तू डॉक्टरला का नाही दाखवलंस?"

"काय सांगू डॉक्टरला? माझीच चूक होती." ती सांगत होती तेव्हा रागावलेलीही नव्हती. "तुझ्या भावाच्या टायमाला पंधराव्या दिवशी मी विहिरीवर गेले. घरात पानी नव्हता. माझी सासू मंग म्हनाली, सव्वा महिना दम नाय निघाला ना, आता भोग."

"पण विहिरीवर पाठवलं कुणी होतं?"

"तिनीच. पन तुझी काकू बघ. सहा पोरा झाली तिला. आठव्या दिवशी गवताचा भारा डोक्यावर. तिला काय नाय झाला. मंग माझाच कायतरी चुकला ना?"

मला तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीची आठवण झाली आणि मी विचारलं, "माझ्या बाळंतपणात तू लवकर गेलीस ते—"

"तीन माळे चढायचे, न पोरीला उचलली का पुरा बाहेर. तुझे घरी एकच मोरी, न जावई त्याच खोलीत. फडकी धुवायची कुठं, वाळत घालायची कुठं? तुझ्यासमोर कसा सांगू गो बाय?"

आतून वहिनीने जेवायला हाक मारली. आईने लगेच सूप पुढे ओढलं आणि किडके वाल वेचायला घेतले. मी वीस वर्षं लोकांना जे सांगत आले होते ते सगळं मला तिथे पडवीत एकेक करून आठवत होतं. मी तिची माफी मागितली नाही. मागता आली नाही. तिच्या हातातलं सूप घेतलं आणि म्हटलं, "तुला डॉक्टरकडे यायचंय. मी रजा टाकते."

"माझा आता काय करायचाय? तू तुझा बघ."

*

आईची सख्खी बहीण, माझी मावशी, उल्हासनगर कॅम्प चारला राहते. आईपेक्षा सात वर्षांनी लहान. लग्न होऊन तिथे गेली आणि तिथलीच झाली. कारखान्यातून कापलेल्या जीन्सचे गठ्ठे घरी येतात, ती खिसे शिवून परत पाठवते. आजूबाजूला सगळी सिंधी घरं. खालच्या मजल्यावरची बाई तिला 'अदी' म्हणते, म्हणजे ताई.

मी गेले तेव्हा मावशी मशीनवर बसली होती. मी सरळच विचारलं. आता मला आडवळणं घ्यायची नव्हती. मावशीने मोटर बंद केली, उठून दाराची कडी लावली आणि साडी वर करून मला दाखवलं. जीन्सच्या कापडाचा, चार पदरी, कंबरेला पट्टा असलेला लंगोट.

"खुद का डिझाइन," ती म्हणाली. "साध्या कापडाचा आठ दिवसांत फाटतो. हा वर्षभर बघायला नको." आणि हसली. मला हसू येईना.

"किती वर्षं?"

"माझी पाळी गेली तेव्हापासून. बारा-तेरा झाली असतील."

"कुणाला सांगितलंस?"

"खालच्या सिंधी भाभीला. तिने स्वतःचं ऑपरेशन करून घेतलं होतं ना. मला म्हणाली, अदी, डरना नहीं, करा लो. पण मला सुईची भीती. दिवसभर सुईवर बसते आणि सुईला घाबरते."

"आणि आईला? सख्ख्या बहिणीला नाही सांगितलंस?"

"तिला कशाला टेन्शन? ती आधीच शेतात मरते."

मी फोन काढला, आईला लावला आणि स्पीकर चालू करून मशीनवर ठेवला. म्हटलं, "आई, मी मावशीकडे आहे. मावशीलाही आहे. तुझ्यासारखंच." मला वाटलं फोन कट झाला. मग आईचा आवाज आला, "तुना पन?" आणि मावशी खुर्चीवर बसता बसता म्हणाली, "म्हणजे तुला पण?"

दर आठवड्याला फोनवर बोलणाऱ्या दोन बहिणी. भाताचा भाव, सुनांच्या तक्रारी, कोण आजारी, कोण गेलं, सगळं एकमेकींना ठाऊक. आणि हे एवढंच नव्हतं. मावशीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ती ते पुसतही नव्हती. मग आईने विचारलं, "तू बांधतेस काय?"

मावशी म्हणाली, "जीन्स."

"जीन्स?"

मग मावशीने तिला लंगोट कसा शिवायचा ते पहिल्यापासून समजावून सांगितलं, आणि आई मधेमधे शंका विचारत राहिली.

*

मावशी चार दिवसांत डॉक्टरकडे आली. त्यांनी तिला सिलिकॉनची रिंग बसवून दिली. आत बसते, वरचं वर धरून ठेवते, सुई नाही की टाका नाही. कशी काढायची, धुवायची, परत घालायची हे त्यांनी तिला तिथेच शिकवलं. मावशी दवाखान्यातून रिक्षा न करता चालत निघाली. बघ तर, म्हणाली, पडते का. पडली नाही.

आईला आणणं मात्र सोपं नव्हतं. पहिल्यांदा मी रजा टाकून चामटोलीला गेले, तर ती सकाळीच शेतावर निघून गेलेली. मी दुपारपर्यंत बसले, ती आली नाही. दुसऱ्यांदा रिक्षात बसली, दवाखान्यापर्यंत आली, काउंटरवर पुरुष बसलेला बघितला आणि पायरीवरूनच मागे फिरली. मी वाद घातला नाही. तिला तशीच घरी सोडून आले आणि परत येताना तिसरी रजा कधी टाकायची ते ठरवलं. मला सगळ्यात जास्त कंटाळा आला होता तो 'हे असं चालतंच' या बोलण्याचा. आजीचं चाललं, आईचं चाललं, मावशीचं चाललं.

भाऊही मधे पडला. "सत्तरीला आली ती. इतकी वर्षं निघाली ना? आता कशाला चिरफाड?"

"तुझा गुडघा दुखतो तर तू दोन महिन्यांत तीन डॉक्टर केलेस," मी म्हटलं. "ही चाळीस वर्षं मांड्यांमध्ये फडकं बांधून तुझं शेत करतेय." त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याला कोण सांगणार होतं?

तिसऱ्या वेळी मी आईला वेगळं सांगितलं. "तुझ्यासाठी नको येऊस. डॉक्टरांना माझं नीट कळायचं तर तुझं बघायला पाहिजे. तुझ्या नातीचंही त्यावरून कळेल." हे मी थोडं ताणून सांगत होते, पण त्यात खोटं फार नव्हतं. आईने विचार केला आणि म्हणाली, "पोरीसाठी येते." काउंटरवरच्या माणसाला मी आधीच फोन करून सांगून ठेवलं होतं, आम्ही आलो की थेट आत सोडा.

डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला आत बोलावलं. सतत बाहेर राहून, कपड्याला घासून, आईच्या त्या भागाला जखम झाली होती. ती दुखत असणार. आईने त्याबद्दल कधी हूं की चूं केलं नव्हतं.

"किती वर्षं झाली म्हणालात?"

"हिच्या भावापासून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आई पाय जुळवून टेबलावर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, त्यांच्याकडेच बघून विचारलं, "डॉक्टरीनबाई, मी पंधराव्या दिवशी पानी भरला. म्हनून झाला का हो? माझी जाव आठव्या दिवशी भारा न्यायची, तिला काय नाय झाला."

"नुसतं त्याने नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ओझ्याने वाढलं असेल. पण तुमच्या आईला होतं, तुमच्या बहिणीला आहे. तुमच्या घरातल्या बायकांची ठेवणच तशी आहे. ती ठेवण तुम्ही मागून घेतली नव्हती. तुमच्या जावेने तेच केलं आणि तिला झालं नाही, यात तुमची चूक नाही आणि तिची करामत नाही."

आईने पदर तोंडाला लावला. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हंजे हिला मीच दिला?"

मी म्हटलं, "तुला तुझ्या आईने दिलं, तिला तिच्या आईने. असलं कुणी मुद्दाम देतं का? पण तू मला सांगितलं असतंस तर मी तो कॅन उचलला नसता. देणं आपल्या हातात नाही, सांगणं आहे. यापुढे आपल्याकडे कुणी गप्प बसायचं नाही."

मी हे जरा कडकच बोलले. आईला लागलं असेल. पण तिने मान हलवली.

जखम भरायला महिना गेला. रोज मलम, आडवं राहणं, शेत बंद. मग उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. पिशवी काढली, झोळीला टाके घातले. मावशी सकाळी सातला येऊन बाकावर बसली होती, खालच्या सिंधी भाभीलाही घेऊन. भाभीने सगळ्यांसाठी डब्यात कढी-भात आणला होता आणि ती आम्हाला दर अर्ध्या तासाने सांगत होती की काही होत नाही, मी बघा.

तिसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली. आई माझा हात धरून बाथरूमला गेली, दार लावलं. पाच मिनिटांनी बाहेर आली ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"नुसती बसले न झाली गो," ती म्हणाली. "हात लावायला नाय लागला."

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं तिला साधी लघवी करायलासुद्धा ते बोटांनी वर लोटून धरावं लागत होतं. हे तिने पडवीतही सांगितलं नव्हतं.

*

माझं आईइतकं पुढे गेलेलं नाही. मला रोजचे व्यायाम दिलेत, आतले स्नायू आवळून धरायचे आणि सोडायचे. कामावर जाताना रिंग. सुरुवातीला मला ते आवळणं जमेचना, पोटच आवळलं जायचं. फिजिओथेरपिस्टने तीन वेळा शिकवलं तेव्हा जमलं. अजून काही दिवस वाईट जातात. सर्दी झाली की गळतं. पण दुपारनंतरचं ते जडपण आता रोज नसतं.

कारखान्यात साहेबांना मी लेखी दिलं की मी पाच किलोच्या वर काही उचलणार नाही आणि मला बसायला उंच स्टूल हवं. साहेबांनी कागद वाचला.

"कसला प्रॉब्लेम आहे? स्पाइन?"

आधीची मी असते तर हो म्हटलं असतं. "नाही सर. गर्भपिशवी आणि मूत्राशय खाली सरकलंय. बायकांना होतं. वजन उचललं की वाढतं."

त्यांचे कान लाल झाले. त्यांनी घाईघाईने सही केली. दोन दिवसांनी पॅकिंगमधल्या एक बाई डब्याच्या वेळी माझ्याजवळ आल्या आणि हळूच विचारलं, "मॅडम, तुम्ही सरांना ते सांगितलंत म्हणे. मला पण तसंच होतं." मी त्यांना डॉक्टरांचा नंबर लिहून दिला आणि विचारलं, "तुमच्या आईला होतं का?"

लेकीचा प्रश्न वेगळाच होता. ती जिममध्ये वजनं उचलते. सगळं ऐकून ती गंभीर झाली. "तो क्या, मी सोडून देऊ?" मी तर तिला बंदच कर म्हणणार होते. पण आधी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्या म्हणाल्या, सोडायचं नाही. श्वास रोखून उचलायचं नाही, खालचे स्नायू आधी आवळायचे, मग उचलायचं. पोट साफ ठेवायचं. पुढे बाळंतपणाच्या वेळी जो कोणी डॉक्टर असेल त्याला घरातलं सगळं सांगायचं. लेकीने फोनमध्ये टिपून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तू आजीला असं विचारलं नसतंस, तर मला चाळीसाव्या वर्षी कळलं असतं. बाथरूममध्ये."

आई हॉस्पिटलातून थेट माझ्याकडे आली आणि दोन महिने राहिली. आताच्या घराला लिफ्ट आहे. तिला स्वस्थ बसवणं हे एक कामच होतं. बादली उचलायला गेली की लेक ओरडायची, "आजी, खाली ठेव!" पण संध्याकाळी आम्ही तिघी जेवायला बसलो की आई उठायची घाई करायची नाही. एकदा सोसायटीत कुणाचं तरी बारसं होतं, तिथे ती दोन तास बसली, दारापाशी नाही, आत सतरंजीवर, बायकांच्या मधोमध. पाळणा म्हणायची वेळ आली तेव्हा तिने आवाज लावला. माझ्या आईला इतकं छान गाता येतं हे मला माहीत नव्हतं.

ती चामटोलीला परत गेली तेव्हा भावाची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा महिना. तिच्या सासरच्यांचं ठरलं होतं की सव्वा महिना झाला की न्यायला येतील, घरात दुसरं कुणी करायला नाही. ओटीभरणाच्या दिवशी सासू, नणंदा सगळ्या आल्या. मीही गेले होते. जेवणं झाली, पानं उचलली, आणि पाहुण्या निघायच्या तयारीत असताना आई उठून त्या सासूबाईंच्या समोर जाऊन बसली.

"विहीणबाय, एक सांगायचा हाय," ती म्हणाली. वहिनीने तिच्याकडे घाबरून बघितलं. "आमचे घरात बायकांचा अंग बाहेर येतो. माझ्या आयचा आला, माझा आला, बहिनीचा आला, लेकीचा आला. माझा आता ऑपरेशन झाला. पोरीला आमचीच ठेवन हाय. बाळंत झाली का तीन महिने हंडा नाय, भारा नाय, सिलेंडर नाय. डॉक्टरीन सांगेल तो व्यायाम करील. तुमचे घरी जमत असंल तर सव्वा महिन्यांनी न्या. नसंल जमत तर तीन महिने हितंच र्‍हाऊ दे."

नणंद साडीचा काठ चाचपत बसली. भाऊ दारातून आत येणार होता, तो बाहेरच थांबला. माझी भाची मान खाली घालून बसली होती, पण तिने हळूच आजीचा पदर हातात धरला.

सासूबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुमच्या डॉक्टरीणबाई बसतात कुठं?"

"बदलापूरला. तुमचा काय हाय का?"

सासूबाईंनी आधी दाराकडे बघितलं, मग हळूच मान डोलावली. आई जराशी सरकली आणि तिने सतरंजीवर आपल्या शेजारी त्यांना जागा करून दिली.